वाटी आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे

आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या आरशाखाली एक विणलेली वाटी असते. तळहातावर मावेल एवढी, दोन बोटं उंचीची, काठाला बारीक कंगोरे. कानातली, अंगठी, केसांचे चाप, तुटलेल्या माळेचे मणी, असलं सगळं तिच्यात जाऊन पडतं. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा सासरी, कशासाठीही मुलगी घराबाहेर पडायची झाली की माझ्या मोठ्या जाऊबाई तिच्या हातात ही वाटी ठेवतात. सोबत उपदेश नाही. "झोपताना अंगावरचं काढून ह्यात टाक, म्हणजे सकाळी घर डोक्यावर घ्यायला नको," एवढंच.

मी त्यांना वहिनी म्हणते, नवरा म्हणतो म्हणून. वहिनींची सगळी नोकरी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर झाली. त्यांनी मारलेली गाठ सुटायची नाही, कापावीच लागायची. विणकामही तसंच, घट्ट. बाकीच्या बायका क्रोशाची वाटी उभी राहावी म्हणून तिला साखरेचा पाक नाहीतर गोंद लावून कडक करतात. वहिनींना ते अजिबात मान्य नाही. "पाक लावलेली वाटी म्हणजे मुंग्यांची खानावळ. वाटी टाक्यांवर उभी राहिली पाहिजे." वाटी झाली की घरातल्या किल्ल्यांचा सगळा जुडगा त्या तिच्यात टाकत. भिंत वाकली तर वाटी नापास. लगेच उसवायला घ्यायची.

गेल्या वर्षी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आधी वाचा परतली. "आणि आली तीसुद्धा धार लावून," असं भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग पाय परतला, काठीच्या आधाराने का होईना. हात मात्र रुसून बसला. बोटं अर्धवट मिटलेली, ना उघडत ना पकडत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. वहिनी तो दोनदा दाबत आणि खिडकीत ठेवून देत.

तेवढ्यात माझ्या धाकटीला, आमच्या ठमीला, दूरच्या शहरात नोकरी लागली. वाटीचा विषय कोणी काढला नाही. मुद्दामच. तर वहिनींनी मला बोलावून घेतलं.

"पांढरट रंगाचा सुती धागा आण. जाड नको."

"वहिनी, ठमीला काही घाई नाही हो. पुढच्या वेळी आली की..."

"मला आहे घाई. हे बघ, डाव्या हाताने करणार आहे. ठमी निघायच्या आत वाटी झाली तर झाली. नाही झाली तर विणकामातून मी निवृत्त झाले असं समज. मग ती सुई पण तूच घेऊन जा."

वहिनी उगाच बोलत नाहीत. भाऊजींनी दारापर्यंत येऊन मला हळूच सांगितलं, "हे जमलं नाही ना, तर ती चेंडूसुद्धा हातात धरायची नाही बघ."

लग्न होऊन आले तेव्हा वहिनींनी मला शेजारी बसवून क्रोशा शिकवला होता. आता म्हणाल्या, "शेजारी नको, समोर बस. तू उजव्या हाताने कर, मी तुझ्याकडे आरशात बघितल्यासारखं बघून डाव्या हाताने करते." मांडीवर उशी, उशीच्या कोपऱ्याला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने काम अडकवलेलं, आणि ते सरकू नये म्हणून वर उजवी मूठ ठेवलेली. "बसून खातोय तो हात, निदान वजन म्हणून तरी उपयोगी पडू दे," म्हणाल्या.

साखळीची गोल कडी करायची, तिच्यात टाके घालायचे, आणि प्रत्येक फेरीला टाके वाढवत जायचं. मग तळ सपाट पसरतो. तळ पुरेसा झाला की वाढ थांबवायची. मग धाग्याला पसरायला जागा उरत नाही आणि भिंत आपोआप वर चढते. ऐकायला सोपं. वहिनींचा पहिला तळ बटाट्यासारखा झाला. उसवला. दुसऱ्याला एका बाजूने झालर फुटली. तोही उसवला. सुई हातातून गळून पलंगाखाली गेली की भाऊजी ओणवे होऊन काठीने ओढून काढत.

"बायको विणतेय आणि कंबर माझी जातेय," ते म्हणत.

शेवटी त्यांना राहवेना. एके दिवशी ते कुठल्याशा प्रदर्शनातून तयार वाटीच घेऊन आले. मोहरी रंगाची, काठाला फुलं, ताठ.

"अगं, हुबेहूब तुझ्यासारखीच आहे. ठमीला काय कळतंय?"

वहिनींनी वाटी फिरवून पाहिली, टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. "ठमीला कळणार नाही. मला कळेल ना! चिमटे कशात ठेवू असं विचारत होता ना परवा? ठेवा ह्यात." भाऊजींनी मुकाट्याने चिमटे भरले.

अखेर वहिनींची वाटी झाली. ठमीच होती समोर. वहिनींनी जुडगा टाकला आणि भिंत हळूच, दमलेल्या माणसासारखी बाहेरच्या बाजूला कलंडली. डावा हात नवशिका. टाके सैल पडले होते.

ठमीने पटकन वाटी उचलली. "मला अशीच द्या, काकू. मी भिंतीला टेकवून ठेवीन."

"भिंतीला टेकून मी उभी राहते, तेवढं पुरे. आण इकडे." आणि त्यांनी धाग्याचं टोक ओढलं.

पाकाची आठवण मला झाली होती, पण मी जीभ आवरली. वहिनींनी उसवलेला धागा डाव्या हाताने ओढून पाहिला. म्हणाल्या, "पार्सल जड असलं की आम्ही काय करायचो? सुतळी दुहेरी घ्यायचो. सुई हीच राहू दे. धागा दोनपदरी कर."

दोनपदरी धागा त्याच बारीक सुईतून ओढणं म्हणजे बोटांचा जीव काढणं. एकेक टाका वहिनी ओठ दाबून ओढत. खांदा भरून आला की थांबत, मी शेक द्यायची, पुन्हा सुरू. पण टाका असा बसायचा की त्यातून टाचणी जाऊ नये. तळ झाला, भिंत चढू लागली, आणि काठ थोडा उरलेला असताना एक पदर संपला. दुकानात तो धागा शिल्लक नव्हता. ठमी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती.

वहिनींनी खोलीभर नजर फिरवली. "चिमटे ओता खाली."

"अगं, नवीकोरी वाटी आहे!" भाऊजी खरंच कळवळले.

"तुमची वाटी कुठे जात नाही. हिच्यातच येतेय."

ती वाटी मात्र उसवेना. टाके एकमेकांना चिकटलेले. कोमट पाण्यात घातली तेव्हा पाणी गढूळ झालं आणि वाटी लोळागोळा होऊन तळाशी बसली. इतक्या दिवसांत वहिनींना एवढं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "गोंद! तरीच मेली ताठ उभी होती!" धागा धुऊन, पंख्याखाली वाळवून, मी त्यांच्या हातात दिला. वरच्या फेऱ्यांत पांढरट आणि मोहरी असे दोन पदर शेजारी शेजारी चढले.

निघायच्या सकाळी टॅक्सी दाराशी, ठमीच्या बॅगा जिन्यात, आणि वहिनी शेवटचा टाका बंद करत होत्या. मी कात्री दिली. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली.

"किल्ल्या."

"वहिनी, टॅक्सीवाला हॉर्न देतोय, राहू द्या ना आज."

"देऊ दे त्याला. किल्ल्या आण."

जुडगा पडला. काठ एका बाजूला किंचित दबला, थरथरला, आणि तिथेच थांबला. भाऊजी चष्मा काढून, हनुवटी टेबलाला टेकवून बघू लागले. वाटी उभीच.

"हं," वहिनी म्हणाल्या. "घेऊन जा. झोपताना अंगावरचं काढून ह्यात टाक."

ठमीने त्यांना मिठी मारली, वाटी रुमालात गुंडाळली आणि डोळे पुसत जिना उतरली. ती टॅक्सीत बसतेय तोच वहिनी खिडकीतून ओरडल्या, "अगं ए ठमे! किल्ल्या! घराच्या किल्ल्या घेऊन चाललीस!"

ठमी धापा टाकत वर आली. वहिनींचा डावा हात खिडकीच्या गजावर होता, तिने घाईत जुडगा उजव्या हातातच अडकवला आणि पळाली. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत राहिलो. मूठ मिटली नव्हती, पण वाकलेल्या बोटांवर सगळा जुडगा लोंबत होता. पडला नाही.

भाऊजींनी घसा खाकरला. "हे सगळं ठीक आहे, पण आता माझे चिमटे कशात ठेवायचे?"

"धागा आणा जाऊन," वहिनी म्हणाल्या. "आणि तो चेंडू द्या इकडे."