खुर्ची कोणासाठी हाये?

अन् वरून लेकीच्या सासरचे मलेच म्हणतात, तुमाले नव्या चालीचं काही समजत नाही! कामरगावच्या बायांनो, आज जे झालं ते मी माह्या हातानं लिहून देवळाच्या दाराले लावून राह्यली. ज्याले वाचता येते त्यानं बाकीच्यायले वाचून दाखवा.

सकाळी लेकीच्या सासरी, खालच्या आळीत गेली होती. सुमीले आठवा महिना हाये. जावयानं शहरात कोण्या साहेबाचा बंगला पाह्यला अन् घरातली गादी, लोड, सतरंजी, बाज, समदं काढून टाकलं. बैठकीत फक्त चार खुर्च्या. घर मोकळंच शोभते म्हणे.

आधी सुमी सतरंजीच्या कोपऱ्यात बसत तरी होती. आता सासऱ्यासमोर खुर्चीवर बसता येत नाही, अन् फरशीवर बसली तर घर गावंढळ दिसते. मंग दिवसभर दाराले टेकून उभी. पाय सुजून खांबावानी झाले.

चहा देता देता ती माह्यासमोर कोसळली. मी तिले उचलून खुर्चीत बसवलं.

व्याही म्हणाले, "विहीणबाई, खुर्च्या माणसायसाठी हायेत."

"मंग हे कोण हाये?"

सुमीच उठून उभी राह्यली.

व्याहीबुवा, सोमवारच्या बाजारापर्यंत याच देवळात येऊन सांगा, माही पोरगी माणूस हाये का नाही. नाही आले, तर मंगळवारी गाडीत बाज टाकून येईन अन् तिले निजवून घेऊन जाईन.