हॅलोकाकांची चाबी

हॅलोकाकांचा हिरव्या दिव्यावर काडीचाही विश्वास नव्हता. राउटरवरचे सगळे दिवे लागलेले असोत, काका खिशातून आपला बटणांचा मोबाइल काढायचे, लाइनच्या दुसऱ्या टोकाला जो कोणी असेल त्याला फोन लावायचे आणि अर्ध्या सौंसरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "हॅलो! आवाज येऊन राहिला का?" पलीकडून माणसाचा होकार आला की "बस मंग," म्हणून फोन बंद. त्यानंतरच स्क्रू पिळायचा पेचकस पिशवीत जायचा. "दिवा काय, दिवा तं रिकाम्या घरातही लागते," असं ते म्हणत.

ही सवय जुनी होती. टेलिफोन खात्यात त्यांनी उभी हयात लाइनमन म्हणून काढली. रामाकोन्यापासून लोधीखेड्यापर्यंतचा प्रत्येक खांब त्यांना नावानिशी ठाऊक असावा असं वाटायचं. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबलेले. "आमच्या घरातून इतक्या उंच जाणारा पह्यला माणूस मीच," हा त्यांचा आवडता विनोद, आणि तो सांगताना ते खरोखरच हाताने खांब दाखवत. खांब गेले, तारा गेल्या, काका निवृत्त झाले. मग बुद्धविहाराच्या वाचनालयात बसून, पुस्तकं आणि मोबाइलवरचे धडे गिरवत ते नेटवर्क शिकले आणि गावातल्या कार्यालयांची कामं घेऊ लागले. लाइनमनची वहीसुद्धा सुटली नाही. काय बदललं, कुणाला फोन केला, आवाज कसा आला, सगळं तीत लिहायचे आणि खाली सही ठोकायचे, जणू उद्या मोठे साहेब तपासायला येणार आहेत.

मी सौंसरला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कामाला. संस्थेच्या तिन्ही शाळांची पोरं, त्यांचे निकाल, त्यांचे दाखले, सगळं आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर. घर मात्र पांढुर्ण्याला. रोजची बस, आणि मंगळवार-शनिवारी तर जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या भाविकांमुळे पाय ठेवायला जागा नाही, पण त्याचं काही वाटत नव्हतं. मग एका सकाळी आईला अर्धांगवायूचा झटका आला. घरात आम्ही दोघीच. शेजारच्या काकूंनी पंधरा दिवस रेटले, पण कुणी किती करायचं? मी राजीनामा लिहिला आणि आमच्या हेडक्लार्कच्या, बडे बाबूंच्या टेबलावर ठेवला. या नोकरीवरच घर चालत होतं, आणि ती सोडल्याशिवाय आईजवळ बसता येत नव्हतं.

काका तेव्हा इंटरकॉम दुरुस्त करायला आले होते. टेबलाच्या पलीकडून, उलटा असतानाच, त्यांनी तो कागद वाचून काढला. मी रागावलेच. ते शांतपणे म्हणाले, "सर्व्हर सौंसरले अन् माय पांढुर्ण्याले, इतकीच अडचण आहे ना मॅडम? मंग लाइन टाकू."

संस्थेचे सचिव सहजी ऐकणाऱ्यांपैकी नव्हते. पोरांची माहिती बाहेर गेली तर जबाबदार कोण? काकांनी त्यांना व्हीपीएन असा समजावला: "इंटरनेट म्हंजे सडक, सर. सडक सगळ्यायची. आपण तिच्या खालून आपला पाइप टाकून राहिलो. पाइपात कोण शिरन, ते चाबी ठरवन." चाबी म्हणजे राउटरमध्ये प्रत्येकाच्या नावाने नोंदवलेला गुप्त आकडा. त्यांचे नियम दोनच. एकाची चाबी दुसऱ्याने वापरायची नाही. आणि जो गेला, त्याची चाबी त्याच दिवशी काढायची. पुढे बडे बाबू निवृत्त झाले तेव्हा गळ्यातला हार उतरायच्या आत काकांनी त्यांची चाबी राउटरमधून काढली. बाबूजी फुगून बसले. "राग नोका मानू बाबूजी, रिकाम्या लाइनीतच चोर शिरते," असं म्हणत काकांनी त्यांना स्वतःच्या हाताने पेढा भरवला.

सचिवांनी आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात माझं काम घरून होऊ शकतं हे दाखवायचं, नाहीतर राजीनामा मंजूर. काका मंगळवारच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून पांढुर्ण्याला आले, मांडीवर नवा राउटर घेऊन आईच्या खाटेशेजारी बसले. जोडणी झाली, दिवे लागले, पण सर्व्हर काही उघडेना. परत सौंसर, परत पांढुर्णा. असे सहा दिवस गेले. मी मनातून नोकरी सोडून दिली होती. सातव्या दिवशी काकांनी वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

"दोन्ही घरायले एकच नंबर देल्ला ना मी! सगळं सारखं दिसाव म्हून. आता तुमचा कम्प्युटर सौंसरचं घर पांढुर्ण्यातच हुडकून राहिला. पोष्टमन तरी काय करन?"

नीटनेटकेपणाच्या हौसेपायी त्यांनी आमच्या घरच्या राउटरला ऑफिसच्याच राउटरचे आकडे दिले होते. आता त्यांनी ते बदलले. "आजपासून तुमचं घर चौदा नंबर."

"चौदाच कामून, काकाजी?"

"आमच्यात चौदा कोणी विसरत नाही, बाई."

आई अर्ध्या तोंडाने हसली. दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या दारात पाण्याचा पिंप भरून ठेवणारी तीच.

सर्व्हर उघडला. रामाकोन्याच्या शाळेची हजेरी माझ्या पांढुर्ण्याच्या घरात, आईच्या औषधांच्या बाटल्यांशेजारी झळकली, आणि मला रडू आलं. काकांचं मात्र समाधान नव्हतं. त्यांनी बडे बाबूंना फोन लावला. "काकाजी, हा आवाज मोबाइलच्या टॉवरवरून जातो, आपल्या पाइपाशी त्याचा काही संबंध नाही," मी डोळे पुसत म्हणाले.

"मले माहीत आहे. पन पाइपाच्या त्या टोकाले माणूस आहे का नाही, ते पाह्यजे ना?"

मग त्यांनी फोन आईच्या कानाला लावला. "माय, तुमी बोला. लाइन तुमच्यासाठीच टाकली." जीभ जड झाल्यापासून आई लाजेने बोलायचीच बंद झाली होती. ती वेडंवाकडं, पण मोठ्याने म्हणाली, "हॅलो." काकांनी वहीत लिहिलं: आवाज साफ.

त्यानंतर अडीच वर्षं मी आईच्या खाटेजवळ बसून दाखले केले, निकाल केले. राउटरमध्ये काहीही बदललं की काकांचा फोन यायचा, आणि आई तो स्पीकरवर ठेवायला लावायची. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. हे मला कुणी दिलं, ते मी विसरलेली नाही. तेराव्यानंतर मी काकांना म्हणाले, आता मी रोज ऑफिसला येईन, माझी चाबी काढून टाका. "राहू द्या," ते म्हणाले, "तुमी कुठं गेल्या?" मग मीही आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करत राहिले.

गेल्या हिवाळ्यात, अशाच एका घरच्या दिवशी, भर दुपारी फोन आला. "हॅलो! आवाज येऊन राहिला का?" माझ्यासमोर दाखल्यांचा ढीग होता. मी घाईत म्हणाले, "येऊन राहिला, काकाजी." एरवी लगेच फोन ठेवणारे काका जरा थांबले. "साफ येऊन राहिला?" "साफ." "बस मंग."

दहा दिवसांनी कळलं, नागपूरच्या दवाखान्यात हृदयाच्या ऑपरेशननंतर काका गेले. ऑपरेशन आहे हेच त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी घाईत बोललेले ते तीन-चार शब्द मला दिवसभर टोचत राहिले.

शोकसभा झाली. नंतर सचिव माझ्या टेबलाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "मॅडम, काकांचाच नियम आहे. त्यांची चाबी काढावी लागेल." काकांची वही ऑफिसच्या कपाटात होती. तिच्या पहिल्या पानावरचा पासवर्ड टाकून मी राउटर उघडला. चाब्यांच्या यादीत दोनच नावं होती, सचिवांचं आणि माझं. मी यादी पुन्हा वाचली. काकांचं नाव नव्हतंच.

मग मी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. त्या दुपारची तारीख होती, ठळक, टपोऱ्या अक्षरात. उद्या नागपूरले जातो. लाइनमनची चाबी काढली. पांढुर्ण्याले फोन केला. माणूस आहे. आवाज साफ. आणि खाली सही.