मनोहरचे पिपे

शहापूरच्या पंपावर पेट्रोल टाकत होतो, तेव्हा फोन आला... मनोहर गेला. सकाळी चहा पिता पिता, बसल्या जागी. माझा पहिला विचार सांगतो, लाज कसली: माझ्या मोटारसायकलला बांधलेल्या डाव्या पिप्याच्या झाकणाची कडी त्याने नुकतीच उपटून ठेवली होती. "नवी लावून देतो" म्हणाला होता. अर्धवट काम सोडायची मेली खोड शेवटपर्यंत गेली नाही!

वरठीच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत. बाकीचे जेवणाचा डबा हँडलला अडकवून यायचे, हा महाशय मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना गोड्या तेलाचे रिकामे, चौकोनी पत्र्याचे पिपे बांधून. पिप्याची एक बाजू छन्नीने कापायची, तीच बिजागरीवर झाकण म्हणून लावायची, लोखंडी पट्टीच्या चौकटीत पिपा बसवायचा... झाली सामानाची पेटी. आता सगळे त्याला कारागीर म्हणतात. डोंबलाचा कारागीर! झाकण हमखास बोटभर तोकडं. पावसात पाणी सरळ डब्यावर, आणि रस्ताभर नुसतं खडखड खडखड. "अरे, रबराची पट्टी लाव ना," मी म्हणायचो. "रबरानं भाजीले वास लागते," हे त्याचं उत्तर. वरणात पावसाचं पाणी चालायचं, वास चालायचा नाही.

माझ्या गाडीला पिपे लावताना त्याने मला विचारलंसुद्धा नाही. मी पाळीवरून बाहेर आलो, तर गाडीला दोन्हीकडे पिपे. उजवा वर, डावा खाली, लंगड्या माणसासारखी गाडी. त्यात डाव्या पिप्यावर छापलेलं सूर्यफूल चक्क उलटं.

"हे फूल उलटं आहे मनोहर."

"तू फूल कायले पाहून राहिला? आत डबा राहते ना?"

काढून फेकणार होतो. पण त्याच आठवड्यात गॅसची शेगडी दुरुस्तीला न्यायची होती, मग तांदूळ आणायचे होते, मग राहूनच गेलं.

शोकसभेत आमच्या गावचे मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मनोहररावांनी आम्हाला टाकाऊतून टिकाऊ शिकवलं." मला हसू आवरेना. याच गृहस्थांनी शाळेच्या फाटकासमोर त्याला अडवून "तुमची तेलाची गाडी दुसऱ्या रस्त्याने न्या, वर्ग चालू आहेत" असं सुनावलं होतं, आणि सगळे शिक्षक खिडकीत उभे राहून दात काढत होते. आणि टिकाऊ? त्याचा एक पिपा कारखान्याच्या वळणावर कितीदा निखळून पडला, ते आम्हाला विचारा. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं तर निदान खरं तरी बोला.

हे गृहस्थ एवढ्यावर थांबले नाहीत. मनोहरच्या जावयाने सासऱ्याची गाडी स्वतःला घेतली, पिपे काढून टाकले आणि मुख्याध्यापकांनी ते शाळेत नेले. परवा पाहून आलो. काचेच्या कपाटात ठेवलेत, चंदेरी रंग फासून, आत प्लास्टिकची फुलं खोचून! झाकणं तारेने घट्ट आवळलीत, वाजू नयेत म्हणून. मनोहरची अशी शोभा त्याच्या हयातीत करायची कोणाची हिंमत नव्हती.

तो गेल्यानंतर त्याच्या घरावरून मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा गेलो. खडखड ऐकून त्याची बायको, शीलावहिनी, लगबगीने दारात आल्या, फाटकाची कडी काढली... आणि मला पाहून तशाच उभ्या राहिल्या. मी मान खाली घातली आणि निघालो. घरी येऊन दोन्ही झाकणांत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. त्या बाईला रोज असं दारापर्यंत आणायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. गाडी गप्प झाली.

चार-पाच दिवसांनी वहिनींनीच घरासमोर रस्त्यात हात करून थांबवलं. डावं झाकण उघडलं, चिंधी ओढून काढली, मग उजव्यातली.

"भाऊजी, हे काहून कोंबलं?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, वहिनी."

"ते शाळावाल्यायनं तारीनं बांधले, तुम्ही चिंध्यायनं," त्या म्हणाल्या. "मले माहीत आहे तो येऊन नाही राहिला म्हणून. वाजू द्या जी."

चिंध्या त्यांनी पदराखाली घेतल्या आणि आत गेल्या. डाव्या पिप्याला कडी अजून नाही. गावात कोणीही बसवून देईल, पण मी कोणाला हात लावू देत नाही. झाकण तोकडंच आहे, फूल उलटंच आहे, आणि त्यांच्या फाटकापाशी आलो की मी मुद्दाम गाडी खड्ड्यातून घालतो.