रुमलीची नक्कल

हे मी माझ्या माणसांत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी एका बाईची नक्कल केली होती.

ऐकायला किरकोळ वाटतं, नाही? नक्कल काय, कुणीही करतं. मीही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगत आलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावजवळ, असोद्याच्या बाजूला एका गावात मी आरोग्यसेवक होतो. हिवतापाच्या गोळ्या वाटायच्या, विहिरीत पावडर टाकायची, असं काम. केळीच्या कापणीला सातपुड्यातून पावरा कुटुंबं यायची आणि बांधावर झोपड्या करून राहायची. त्यांची बोली गावात मला एकट्यालाच यायची. माझे वडील जंगल खात्यात होते. शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर मी त्यांच्याच पोरांत वाढलो होतो.

रुमली त्या झोपड्यांमधली. तिचं तान्हं बाळ बांधावरच्या झोळीत तापानं गेलं, आणि तिचं बोलणं बंद झालं. कापून टाकलेलं केळफूल फडक्यात गुंडाळून ती मांडीवर घेऊन बसायची. गावातली माणसं मुद्दाम बघायला जायची. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी जळगावच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारून तिला गोळ्या सुरू केल्या. मला म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. तिच्या भाषेत कुणीतरी बोललं पाहिजे. तुम्हीच जा." हे जमलं, तर बाकीच्या झोपड्यांतही अशाच उपचारांसाठी जायचं त्यांच्या मनात होतं.

मी जायचो. तिच्या शेजारी बसून डोंगराचं, मोहाच्या फुलांचं काहीबाही बोलायचो. एक दिवस ती बोलली. मग बोलतच राहिली. हळूहळू चूल पेटवू लागली, केस विंचरू लागली. केळफूल झोपडीत ठेवून कामावर जाऊ लागली. तिचा नवरा खुमान मला भाऊ म्हणायचा आणि गरम भाकरीचा पहिला तुकडा माझ्या हातात द्यायचा.

आणि एकदा तिनं ते सांगितलं. त्या दिवशी घड वाहताना तिला बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मुकादम जाऊ देत नव्हता. मग रडणं थांबलं. "मला वाटलं, झोपलं," ती म्हणाली. "मला बरं वाटलं." ते बरं वाटणं तिला आतून खात होतं. खुमानला सांगू नकोस, म्हणाली. मी मान डोलावली.

आता ते — फाट्यावरच्या चहाच्या टपरीचं.

तिथं मला भाव होता. कुणाचंही बोलणं, चालणं मी हुबेहूब करायचो. त्या दुपारी केळीचा ट्रक भरून झाला होता, माणसं चहा पीत बसली होती.

"काय भाऊ, काय म्हनते तुही येडी?" टपरीवाले नाना म्हणाले.

धुळ्याकडचा ट्रकवाला नक्कल बघायला पुढं सरसावला. "करी दखाड ना, भाऊ! बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात."

मी काय करायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी टपरीमागच्या बांधावरचं एक केळफूल उचललं, खांद्यावरच्या रुमालात गुंडाळलं, फतकल मारून बसलो आणि झुलायला लागलो. हशा झाला. एकदा हशा झाला की मला थांबता येत नसे — नाही, हे खोटं आहे. येत होतं. मी तिचा आवाज काढला. आधी तिच्या बोलीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत — "रडणं थांबलं, मला बरं वाटलं!"

नाना हसता हसता गप्प झाले. माझ्या मागं रुमली उभी होती. शेजारी खुमान. गोळ्या न्यायला आले होते ते. मीच त्यांना टपरीवर बोलावलं होतं.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. केळफुलासाठी दोन्ही हात पुढं केले. द्यायचं ना ते? पण सगळे बघत होते, आणि मला ओशाळलेलं दिसायचं नव्हतं. मी ते ट्रकवाल्याकडं फेकलं. त्यानं परत माझ्याकडं. ती मधे धावत होती. मी झेललं — आणि पुन्हा फेकलं.

खुमाननं तिला दंडाला धरून नेलं. दुसऱ्या दिवशी झोपडी रिकामी होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "या लोकांना गोळ्या नकोच असतात, मॅडम. भगताकडं गेले." त्यांनी ते खरं मानलं. बाकीच्या झोपड्यांत जायचं मग राहूनच गेलं. तिथंही रात्र रात्र न झोपणारी माणसं होती. मला ती ठाऊक होती.

काही वर्षांनी माझी बदली शिंदखेड्याला झाली. तिथून त्यांचा पाडा दिवसात जाऊन येण्यासारखा. तरी जायला मी आणखी काही वर्षं लावली.

गेलो तेव्हा रुमली अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. खुमाननं मला लगेच ओळखलं. ती बोलत नाही, म्हणाला, त्या दिवसापासून. आणि ते शब्द ऐकल्यावर बरेच दिवस तोही तिच्याशी बोलला नव्हता, म्हणाला.

मी हात जोडले आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"जोरात बोल, भाऊ," खुमान म्हणाला. "तेव्हा जोरात बोलला होतास."

आजूबाजूची माणसं जमली. मी त्यांच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. रुमलीनं विश्वासानं सांगितलेलं मी लोकांना हसायला दिलं. ती हात पसरून उभी होती आणि मी तिला खेळवलं. तिचं औषध माझ्यामुळं सुटलं, आणि दोष मी तुमच्यावर टाकला.

रुमली मधेच उठली. शेंगांची टोपली उचलून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. माझी माफी अजून संपली नव्हती. उरलेली मी त्या दाराकडं बघून, तितक्याच जोरात पुरी केली.