तीन भोकांचं दुखणं

आमची सुंदराआत्या काविळीनं गेली, त्याला औंदा दोन वर्षं झाली. आमच्या तुडील गावात लोकं अजून बोलतात, ऑपरेशननंतर तिनं ढोंग केलं. म्हणून हे सांगायला लागतंय.

वीस वर्षं तिनं सावित्री नदीत होडीतनं रेतीच्या पाट्या उतरवल्या. उजवा खांदा आन बरगड्या ठणकायच्या, पण कोणाला बोलली नाय. दोन हजार सहाला खोकला हटेना म्हणून महाडला छातीचा फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात गाठ. मुंबईला पाठवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईनं विचारलं, आधीपासून कुठं दुखतं का, झोप लागते का. आत्यानं शेजारच्या खाटेवरच्या बाईला ताप भरला म्हणून तिचं ऑपरेशन पुढं ढकललेलं सकाळीच पाह्यलं होतं. आपलं बी ढकलतील. तिनं सांगून टाकलं, काय नाय दुखत, झोप चांगली लागते. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तिच्या.

दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, बगलेखाली तीन बारकी भोकं. गाठ साधी निघाली. पण ऑपरेशननंतर छातीत घातलेली नळी नऊ दिवस काढता आली नाय. घरी आली आन बगलेपासनं पुढं छातीखाली आग सुरू झाली. भोकं सुकली तरी आग तीच. बसली तर उठावं वाटायचं, उठली तर पडावं. ओटीवर जायची, परत आत यायची. पोलकं अंगाला लागलं की सुया टोचल्यागत व्हायचं, मग नवऱ्याचा, भिकाजीमामांचा, सैल सदरा घालून फिरायची. त्या सदऱ्यावरनं आळीभर हसणं.

शेजारची येसूबाई तोंडावर बोलली, "तीन भोकांचं एवढं गो? माझे दोन सीझर झाले, महिन्यात नदीवर धुणं घेऊन गेले."

मामा येसूबाईला कायतरी बोलतील म्हणून आत्यानं वाट बघितली. मामा बोलले, "कामाचा कंटाळा, दुसरं काय. ढोंग हाय." आत्या त्या दिवशी जेवली नाय.

चार महिन्यांनी सून उज्वला तिला दाखवायला मुंबईला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई फोटो बघून खूश, कसं वाटतं विचारलं. आत्या बोलली, बरं हाय. उज्वलाला राहवेना. "कसलं बरं? आमच्या आयला पोलकं घालवत नाय, मॅडम."

आत्यानं डोळे वटारले, मग रडायलाच लागली. खांद्याचं, बरगड्यांचं, त्या तीन रात्रींचं, सगळं सांगितलं. बाई रागावली नाय. बोलली, भोकं बारकी असली तरी बरगडीखालची शीर दुखावते. आधीपासनं दुखत असलं, मनात भीती असली, नळी जास्त दिवस राहिली, की दुखणं मागं राहायचा धोका वाढतो. बायांमध्ये जास्त बघायला मिळतं. आधी कळलं असतं तर आधीपासनंच जास्त जपलं असतं. आता गोळ्या देते, हळूहळू उतार पडेल, सगळं जाईलच असं नाय.

आत्या खुर्चीवरनं उठेना. "मॅडम, एवढं कागदावर लिवून द्या. मराठीत. खरंच दुखतंय म्हणून."

बाईनं दिलं लिहून, खाली सही केली.

घरी आल्यावर आत्यानं कागद मामांपुढं धरला. मामांना वाचता येत नाय, उज्वलानं वाचला. त्यांनी परत वाचायला लावला.

"मी तुला ढोंगी बोललो," मामा बोलले.

"बोललात. चार महिने बोललात. आता पाणी द्या, गोळी घ्यायची हाय."

मामा उठले.