काढा तो फोटो

या वर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मी एका अनोळखी माणसाचे फोटो काढले. त्याने ‘काढा’ म्हटल्यावर आणखी एक काढला.

मी नागपूरहून एका लग्नासाठी पुण्यात आलो होतो. परतीची बस संध्याकाळची होती. प्रवासात रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढताना मी माणसांच्या मागे फिरत नाही. जागा आधी ठरवतो आणि थांबतो. इथे दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा पट्टा रस्त्यावर पडला होता. मागे बंद शटर होते, त्यामुळे पार्श्वभूमीत गर्दी नव्हती. त्या पट्ट्यात एकच माणूस, एक पाऊल उचललेले, चेहरा उजेडात, एवढे हवे होते. बराच वेळ नुसत्या स्कूटर येत राहिल्या.

मग तो आला. चाळिशीचा, खांद्यावर मोठा स्पीकर, मान ताणलेली. मी सलग तीन फोटो काढले.

त्याने पाहिले. स्पीकर एका दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि सरळ माझ्याकडे आला. हनुवटी वर करून म्हणाला, “काढा तो फोटो.”

कॅमेरा दिसला की बाजारात असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी कॅमेरा उचलला आणि समोरून त्याचा फोटो काढला. त्याने कॅमेऱ्याचा पट्टा धरला. पट्टा माझ्या गळ्यात होता.

पायरीवरून त्या दुकानाचे मालक म्हणाले, “अहो, फोटो काढून टाका म्हणतायत ते. तुम्ही ऑर्डर मिळाल्यासारखे काढत सुटलात.”

दोन-तीन गिऱ्हाइके थांबली. मी पुसतो म्हणालो, पण आधी हात काढायला सांगितले. त्याने पट्टा आणखी आवळला. मग माझ्या अगदी जवळ येऊन, हळू आवाजात बोलला.

“कंबर धरलीय म्हणून कंपनीतनं मेडिकल रजेवर हाय मी. सोमवारी चौकशी हाय. ह्यो फोटो त्यांना गावला तर नोकरी गेली.”

कंपनी चाकणकडची होती. दुकान मेहुण्याचे होते. मेहुणा म्हणजे ते पायरीवरचेच. माल टेम्पोतून उतरवायला आज दुसरे कोणी आले नव्हते, म्हणून हात लावला, असे त्याने सांगितले. दुखणे खरे आहे, असेही सांगितले. ते पडताळण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता.

मी स्क्रीन त्याच्यासमोर धरली. दुसरा फोटो चांगला आला होता. ओझे, चेहरा, उचललेले पाऊल, आणि चौकटीत दुसरे काही नाही. तो बराच वेळ पाहत राहिला.

“समदं दिसतंय,” तो म्हणाला.

मेहुण्याने वाकून पाहिले. “कंबर तेवढी दुखताना दिसत नाही,” ते म्हणाले.

मी चारही फोटो त्याच्यासमोर पुसले. पट्ट्यावरचा त्याचा हात सैल झाला. तेव्हा मी त्याला सांगितले की कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो आपोआप माझ्या फोनमध्येही जातो. हात पुन्हा घट्ट झाला. मी फोन उघडला. चारही तिथे होते. ते पुसले, मग पुसलेले जिथे साठतात तिथूनही काढले. त्याने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि लग्नाचे फोटो मागे सरकवत सरकवत हळदीपर्यंत गेला. कोणाला पाठवलेत का, हे त्याने दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

त्याने फोन परत दिला आणि पट्टा सोडला. थांबलेली गिऱ्हाइके पुढे गेली.

तो पायरीकडे वळला. स्पीकर त्याने एकट्याने उचलला नाही. एक बाजू मेहुण्याने धरली, दुसरी त्याने, आणि दोघे तो आत घेऊन गेले.