नुसतं पाहाले कोण येते, बाप्पा?

किस्से आपण गोळा करत नाही, तेच आपल्याला चिकटतात. शेतातून चालत आलं की साडीच्या काठाला गोखरू चिकटलेले असतात ना, तसे. घरी येऊन बसलं की एकेक काढत बसायचं.

मी अमरावतीत एका शाळेत इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी मी आणि दिनेशनं रविवारी सकाळी लोकांना पायी गाव दाखवायला सुरुवात केली. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या वेशी, देवळं, तलाव, संग्रहालय, कधी अकोल्याला जाऊन असदगड. दिनेश मूळचा धामणगाव रेल्वेचा, बँकेत नोकरी, आवाज खणखणीत. मी पुढे राहून बोलते, तो मागे राहून माणसं हाकतो. तिसऱ्या आमच्या इंगळे काकू. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या आणि तेव्हापासून एकही फेरी चुकवली नाही.

आम्हाला वाटलं होतं, लोक इतिहासातलं काहीतरी अवघड विचारतील. कसलं काय! लोकांचा एकच प्रश्न : "काहून आले?" आमच्याकडे चार माणसं भिंतीकडे बघत उभी राहिली की पाचवा येऊन चौकशी करतोच. "नुसतं पाहायला आलो" हे उत्तर तर आजवर कोणालाच पटलेलं नाही. नुसतं पाहाले कोण येते, बाप्पा?

*

सुरुवातीला बाजारातल्या गर्दीत आमची माणसं हरवायची. म्हणून दिनेशनं काठीला कापड बांधलं. घरात भगवं सापडलं, ते बांधलं. जवाहर गेटपाशी एका पोलीसदादानं मोटरसायकल आडवी घातली.

"मोर्चाची परमिशन?"

"मोर्चा नाही दादा, गाव पाहून राहिलो."

"मंग झेंडा काहून?"

पुढच्या वेळी निळं बांधलं. एक गृहस्थ "सभा कुठी हाय?" म्हणत मागे लागले आणि शेवटपर्यंत चालले. हिरवं बांधलं तर कोणी काही बोललं नाही, पण पानठेल्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. मग पांढरं बांधलं. तर एका घरातून दोघं जण घाईघाईनं टोपी घालत बाहेर आले. "कोण गेलं?"

शेवटी इंगळे काकूंनी घरून फुलाफुलांची उशीची खोळ आणली. आता बोला! अंबागेटच्या अलीकडे एक आजोबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी खोळ पाहिली, चष्मा वर केला, मागची सगळी रांग नीट न्याहाळली.

"नवा पक्ष दिसते," ते म्हणाले. "निवडून आले त पयले नळाचं पहा!"

*

परकोटाच्या भिंतीला लागून एक अरुंद गल्ली आहे. तिथं भिंत किती जाड आहे हे दाखवायला दिनेशनं दोन्ही हात पसरले. एवढंच केलं बिचाऱ्यानं.

"अवो, मोजाले आले!" समोरच्या घरातली बाई ओरडली.

पुढचं सगळं डोळ्यादेखत झालं. पाण्याचे ड्रम आत गेले. स्कूटर आत गेली. कोंबड्यांचं खुराडं कोंबड्यांसकट आत गेलं. एकानं तर दारावरचा पत्राच उतरवायला घेतला. मी कळवळून सांगत होते, "अहो, आम्ही कार्पोरेशनचे नाही हो!"

"पाहा!" ती बाई म्हणाली. "कोणी इचारलं होतं का? सोताच सांगून राहिल्या!"

पुढे काही महिन्यांनी तीच बाई मला बाजारात भेटली. मी तोंड चुकवत होते, तर तिनंच हात धरला.

"ताई, पोराची वरात हाय आमच्या घरी. त्याच्या आदल्या दिवशी येऊन जाजा तुमी साऱ्याइले घेऊन. तुमी आले की गल्ली मोकळी होते. घोडा आत जाते!"

*

एका घराची लाकडी गॅलरी फार सुंदर आहे. आम्ही खाली उभे राहून वर पाहत होतो. योगायोगानं त्या दिवशी बायका जास्त होत्या, आणि पुढे एका लग्नाला जायचं म्हणून सगळ्या नटलेल्या.

घरातून एक गृहस्थ आले, आम्हाला बळंच आत घेऊन गेले. पोहे आले. पाठोपाठ चहा. मग ओल्या केसांनी, नुकतीच इस्त्री मारलेला शर्ट घातलेला त्यांचा मुलगा आला आणि खाली मान घालून खुर्चीवर बसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला!

"काका, काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही फक्त घर पाहायला आलो."

काका समजुतीनं हसले. "पयल्यांदा सारे असंच म्हणतात. पोहे घ्या अजून."

*

आमच्याकडचं एक संग्रहालय. कुठलं ते सांगत नाही, पुन्हा जायचंय. तिथला शिपाई आमच्या मागे मागे खोलीतून खोलीत येत होता. आम्ही पुढच्या खोलीत गेलो की मागचा लाइट बंद.

त्या दिवशी आमच्याबरोबर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. ते एका दगडी मूर्तीसमोर थांबले ते थांबलेच. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, उकिडवे बसून पाहिलं. शिपायाची घालमेल सुरू झाली. आधी खोकला. मग खुर्ची सरकवली. शेवटी माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मॅडम, पाहून राहिले ते ठीक हाय. पण इतका वेळ काहून पाहून राहिले?"

"कलाकार आहेत ते."

"म्हणूनच इचारलं!"

तेवढ्यात मास्तर उठले, गुडघे झटकले आणि स्वतःशीच, पण मोठ्यानं म्हणाले, "अरे, याचं नाक कुठे गेलं?"

शिपाई ताडकन पुढे झाला. रंग उडालेला. दोन्ही हात वर केलेले.

"मी जॉइन व्हायच्या पयलेच नव्हतं साहेब! कोणालेही इचारा!"

*

हा अकोल्याचा. एका बागेत गोरखचिंचेचं जुनं झाड आहे. खोड एवढं की चार माणसांच्या कवेत मावत नाही. त्याच्या बुंध्याशी बाकावर एक जोडपं बसलं होतं. डबा उघडलेला, मुलगी मुलाला काहीतरी भरवत होती. आमच्या इंगळे काकूंना झाडाला हात लावायचा होता, म्हणून त्या पदर खोचून सरळ तिकडेच निघाल्या. मागे फुलाफुलांची खोळ उंच धरून दिनेश. त्याच्या मागे आम्ही सगळे.

मुलानं वर पाहिलं आणि पांढराफटक पडला. दोघं उठले ते पळालेच! डबा बाकावरच राहिला.

"अरे, डबा!" काकू डबा घेऊन मागे धावल्या. "थांब रे पोट्टेहो!"

ती हाक ऐकून ते आणखी जोरात पळाले. बागेला एक चक्कर झाली. लोक काठ्या घेऊन पुढे येतात की काय अशी परिस्थिती. कोणीतरी मोबाइलवर शूटिंगही सुरू केलं. तेव्हा मात्र मला भीती वाटली. अशा वेळी गर्दी कोणाची नसते, आणि त्या दोघांना कोणी हात लावला असता तर तो आमच्यामुळे. मी ओरडले, "काकू, थांबा! तुम्ही आधी थांबा!"

काकू थांबल्या. मग तो मुलगाही फाटकापाशी थांबला, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत. काकूंनी लांबूनच डबा दाखवला.

"घाबरू नको बेटा. आमी कोणाच्या घरचे नाई. पण असं लपूनछपून भेटण्यापेक्षा लग्न करून टाका ना."

"झालं हाय काकू लग्न!" मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "घरात अकरा माणसं हाय. सासूबाईले दवाखान्यात चाललो म्हणून सांगतलं!"

काकूंनी डबा तिच्या हातात दिला. दोघांना परत त्या बाकावर नेऊन बसवलं. आणि आम्हा सगळ्यांना बागेबाहेर काढलं. झाड राहिलंच पाहायचं!

*

आता आमच्या स्वतःच्या संशयाचा. लोकांनाच कशाला नावं ठेवायची!

एका हिवाळ्यात आमच्या लक्षात आलं की कोणीतरी आमच्या मागावर आहे. माकडटोपी, तोंडाला रुमाल. आम्ही थांबलो की तो चहाच्या टपरीशी थांबायचा, आम्ही निघालो की तोही निघायचा. दिनेशचं म्हणणं, त्याच्यावर नजर ठेवायला बँकेनंच पाठवलाय. काकूंचं म्हणणं, चेन ओढणारा आहे. काकूंनी मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकलं.

छत्री तलावाशी दिनेशनं त्याला गाठलं. दंड धरून आणला. "काय पाहिजे भाऊ? चार रविवार झाले, मागं मागं फिरून राहिला!"

"मले... मले तळं पाहाचं होतं."

आमच्यात वर्षाताई म्हणून होत्या. माहेर वरूडचं, स्वभाव शांत, कधी प्रश्न विचारायच्या नाहीत, पण प्रत्येक गोष्ट मन लावून ऐकायच्या. त्या पुढे आल्या. रुमालाकडे पाहिलं.

"अहो?"

त्यानं रुमाल काढला. "मंग काय करू?" तो म्हणाला. "दर रविवारी नटूनथटून निघतं. म्हणतं, भिंत पाहाले जातो. भिंत पाहाले कोण पावडर लावते?"

  वर्षाताई सगळ्यात पुढे, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, त्याच्याकडे पाठ करून. "मॅडम, सांगा तुमी," त्या म्हणाल्या. मी तळ्याविषयी सांगू लागले. काय सांगितलं मला आठवत नाही. त्यांचा कान लाल झालेला तेवढा आठवतो. मधेच मागून त्याचा आवाज आला, अगदी बारीक : "याच्यात पाणी कुठून येते, मॅडम?"

पुढच्या रविवारी तो आला. एकटाच. रुमाल नाही, टोपी नाही. "ते येत नाई म्हणते," एवढंच सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. पाण्याविषयी, चुन्याविषयी, दगडांविषयी विचारून मला भंडावून सोडलं. पण माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. एवढ्यावरून घर मोडलं की काय! शेवटी मी वर्षाताईंना फोन लावला.

"रागावला होतात ना? येत जा हो. ते वेगळे चालतील, मी बघते."

"राग त हाय," त्या म्हणाल्या. "तो जाईन हळूहळू. पण मॅडम, लग्न झाल्यापासून पयल्यांदा घर रिकामं भेटून राहिलं. मीच चहा करतो, मीच पितो, रेडिओ लावतो. तुमी त्याईले येऊ द्या तिकडं." मग म्हणाल्या, "आन् परत येताना लांबचा रस्ता घेत जा!"

*

आणि हा मागच्या थंडीतला.

खोलापुरी गेटपासून निघालो होतो. थोडं पुढे गेल्यावर दिनेश माझ्या कानाशी आला. "मॅडम, ते आजी आपली नोहे."

खरंच. फिकट हिरवं नऊवारी, हातात कापडी पिशवी, एक म्हातारी आमच्या मधोमध चालत होती. दोघीतिघींनी आपापल्या पर्स पोटाशी घेतल्या. इंगळे काकूंना वेगळीच शंका. घरातून निघून जाणारी विसरभोळी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिलेली.

"आजी, नाव काय तुमचं? कोणाकडच्या?"

"तुमी चाला ना. मी येऊन राहिली."

मी वेशीचं सांगत होते, कमानीचं सांगत होते. ही बाई एकदाही वर पाहत नव्हती. तिची नजर सारखी पुढच्या गल्लीकडे. एका वळणावर तिनं माझं मनगट धरलं. "पोरी, या गल्लीत जात नाई का तुमी?"

"तिकडे पाहण्यासारखं काही नाही, आजी."

"पाहाल त दिसन."

गेलो. गल्लीच्या मध्यावर ती थांबली. समोर साधं सिमेंटचं घर, निळं लोखंडी दार, रंगाच्या डब्यात लावलेली तुळस.

"अठी सांग काई."

"काय सांगू? घर आहे हे."

"भिंतीचं सांगतलं, दाराचं सांगतलं. याचंही सांग. जोऱ्यानं सांग."

मनगटावरची पकड घट्ट झाली होती. मी इकडेतिकडे पाहिलं. ओट्याच्या पायरीला एक जुना घडीव दगड होता. असे दगड या भागात कुठून कुठे गेले, घराघरात कसे बसले, ते मी मोठ्यानं सांगू लागले. मागून दिनेश आपल्या आवाजात तेच पुन्हा सांगू लागला.

कडी वाजली. दार अर्धंच उघडलं. साधारण तेवढ्याच वयाची दुसरी म्हातारी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, हात कडीवर तसाच.

"कोण पाहिजे? काय इकून राहिले?"

"काही नाही आजी. नुसतं पाहायला आलो."

तिचा विश्वास बसला नाही, हे दिसतच होतं. ती एकेकाकडे पाहत गेली. दिनेश, काकू, उशीची खोळ, मी. मग नजर माझ्या बाजूला आली आणि तिथंच राहिली. आमची आजी पायरीच्या दगडाकडे पाहत होती. मान वर नाही. 

"हे बाई तुमच्यासंगं हाय का?" तिनं मला विचारलं.

मला आजीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"हो. आमच्याबरोबर आहेत."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

कडीवरचा हात सुटला.

"मंग उभे काहून हाय? बसा म्हणा साऱ्याइले. चहा मांडतो."

काही जण आत बसले, काही ओट्यावर. आमची आजी उंबऱ्याच्या बाहेरच टेकली, पिशवी मांडीवर घेऊन. जरा वेळानं सून ट्रे घेऊन आली. एकेकाला कप देत देत ती उंबऱ्यापाशी पोचली आणि वाकली. तेवढ्यात आतून, चुलीपासूनच, म्हातारीचा आवाज आला.

"तिले कप नोको देऊ. बशीत देजो. कपानं तिचं तोंड पोळते."